ईम गावची मराठी पुस्तिका: कामाच्या नोंदी

इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात ईम नावाचं गाव आहे. वस्ती हजाराच्या आत. १६६५-६६ च्या प्लेगमुळे ते प्रसिद्ध झालं. आमच्या शेफिल्ड भागातल्या मराठी कुटुंबांची यंदाची उन्हाळी सहल तिथे ठरली, म्हणून गावाची आणि तिथल्या सेंट लॉरेन्स चर्चची माहिती देणारी, चालता चालता वाचता येईल अशी मराठी घडीपत्रिका करायला घेतली. दुसऱ्या कुठल्या मंडळाला आपल्या जवळच्या गावाचं असं काही करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून या नोंदी.

२ मार्च

काम तिघांत वाटलं. मी कागदपत्रं आणि मजकूर, ताईकडे नकाशा आणि मांडणी, आणि काका (भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले, निवृत्त तलाठी) नोंदी तपासणार. तलाठी हाताशी असणं हे किती भाग्याचं ते पुढे कळेलच.

गोष्ट थोडक्यात अशी. सप्टेंबर १६६५ मध्ये गावातल्या शिंप्याकडे लंडनहून कापड आलं. शिंप्याच्या हाताखालचा जॉर्ज व्हिकर्स आजारी पडून मेला, ७ सप्टेंबरला त्याला पुरलं. साथ पसरली. रेक्टर (म्हणजे चर्चचा मुख्य पाद्री) विल्यम मॉम्पेसन आणि आधीचा, पदावरून काढलेला प्युरिटन (कडव्या सुधारणावादी पंथाचा) पाद्री थॉमस स्टॅन्ली, या एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोघांनी १६६६ च्या जूनमध्ये गावाला तीन गोष्टी पटवल्या: आपापली माणसं आपापल्या शेतात-परसात पुरायची, चर्च बंद करून उपासना उघड्यावर करायची, आणि गावाची शीव ओलांडायची नाही. शेवटचा मृत्यू १ नोव्हेंबर १६६६ चा.

आता आकडे. माहितीपत्रकांत सगळ्यात जास्त वेळा येतं ते '३५० पैकी २६० मेले, ८३ वाचले'. बेरीज करून बघा. काकांनी केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. खुद्द मॉम्पेसनच्या २० नोव्हेंबर १६६६ च्या पत्रात ७६ घरं आणि २५९ मृत्यू. चर्चमध्ये लावलेल्या यादीत २७३ नावं. अलीकडच्या अभ्यासकांनी कर-याद्या आणि चर्चचं दफनांचं रजिस्टर शेजारी ठेवून लोकसंख्या सातशे-आठशेच्या घरात आणि वाचलेले सव्वाचारशेच्या वर असा हिशेब मांडलाय. म्हणजे तीन चतुर्थांश गाव गेलं की एक तृतीयांश, हेच ठरत नाही.

यावरून पहिला नियम केला. पत्रिकेत प्रत्येक ठिकाणापुढे एक खूण असेल: 'कागद' किंवा 'ऐकीव'. त्या काळचा कागद किंवा दगड असेल तर पहिली, नाहीतर दुसरी. ताईचं म्हणणं, याने गोष्टीची मजा जाईल. बघू.

९ मार्च

दफनांच्या नोंदी संगणकावर चढवायला सुरुवात. मृत्यू महिन्यावार मोजून छोटा आलेख करायचा विचार आहे.

हे आधी वाचा, म्हणजे तुमचा एक शनिवार वाचेल: एक्सेलचं कॅलेंडर १९०० साली सुरू होतं. त्याआधीची तारीख टाकली की ती चौकटीत डावीकडे चिकटून बसते, म्हणजे ती त्याच्या लेखी तारीख नाही, नुसती अक्षरं. मग क्रम लावायला सांगितलं की सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र, मग सगळ्या २ तारखा. आमची अख्खी यादी अशी विसकटली आणि मूळ क्रम जपून ठेवलेला नव्हता.

उपाय साधा आहे. दिवस, महिना, साल असे आकड्यांचे तीन वेगळे रकाने. आणि सगळ्यात डावीकडे मूळ वहीतला अनुक्रमांक, जो कधीही हलवायचा नाही. काका म्हणाले, "सातबाऱ्याला गट नंबर कशाला असतो?" पुन्हा सगळं भरलं.

२३ मार्च

क्रम लागला, आलेख निघाला, आणि त्यात व्हिकर्सच्या आधीच माणसं पटापट मरताना दिसायला लागली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च १६६५ मध्ये दफनं, मग उन्हाळाभर शांतता, मग सप्टेंबरात व्हिकर्स. ताई खूश. "म्हणजे कापडाची गोष्टच खोटी!"

गोष्ट खोटी नव्हती, वर्ष वेगळं होतं. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. रजिस्टरात ज्याला जानेवारी १६६५ म्हटलंय तो आपल्या हिशेबाने जानेवारी १६६६. व्हिकर्स सप्टेंबरात गेला, त्याच्या नंतरचा हिवाळा तो. नोंदी बरोबर होत्या, आम्ही साल आजचं धरलं होतं. काकांना हे लगेच पटलं. पाडव्याला वर्ष बदलणाऱ्या माणसाला मार्चअखेर वर्ष बदलण्यात नवल ते काय.

चौथा रकाना वाढवला: 'आजचं साल'. १ जानेवारी ते २४ मार्च यात मूळ साल अधिक एक, बाकी जसंच्या तसं. मूळ साल पुसायचं नाही. जुन्या-नव्या (ज्युलियन-ग्रेगोरियन) पंचांगातला दहा दिवसांचा फरक मात्र आम्ही सोडून दिला. तारखा त्या वेळच्याच ठेवल्या, कारण थडग्यांवर त्याच आहेत आणि वाचणारा दगडाशी ताडून बघणार. इंग्लंडमधल्या कुठल्याही गावाच्या रजिस्टरवर काम करणार असाल तर ही एक गोष्ट भिंतीवर चिकटवा. खुद्द मॉम्पेसनच्या मृत्यूचं साल काही ठिकाणी १७०८ आणि काही ठिकाणी १७०९ दिसतं, तेही याचमुळे: तो मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात वारला.

दुरुस्त आलेख आता ओळखीचा दिसतो. सप्टेंबर १६६५ मध्ये व्हिकर्सनंतर पंधरा दिवस काहीच नाही. मग २२ तारखेला त्याच घरातला लहानगा एडवर्ड कूपर. ऑक्टोबरात वीसच्या वर. हिवाळ्यात ओसरतं, मे महिन्यात हाताच्या बोटांवर. लोकांना सुटलो असं वाटलं असणार. जूनपासून पुन्हा चढतं, आणि ऑगस्ट १६६६ मध्ये सत्तरच्या वर.

गावाचे ते तीन नियम आले ते जूनमध्ये, म्हणजे साथ सुरू होऊन नऊ महिन्यांनी, दुसरी लाट उठल्यावर. माहितीपत्रकं वाचून वाटतं की व्हिकर्स मेला आणि दुसऱ्या दिवशी गावाने वेशी बंद केल्या. तसं नव्हतं हे आलेखावरून एका नजरेत कळतं, म्हणून पत्रिकेच्या पहिल्या पानावर आलेखच टाकायचा.

५ एप्रिल

मॅटलॉकला परगण्याच्या अभिलेखागारात. नाव आधी नोंदवावं लागतं, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्यावा लागतो, पेन चालत नाही, पेन्सिल न्या. जुन्या वह्यांचं मूळ सहसा हातात देत नाहीत, मायक्रोफिल्मवर किंवा पडद्यावर बघायचं. फोटोसाठी दिवसाचं शुल्क भरलं. वाटेत खायला दिलेले धपाटे बाहेर लॉकरमध्ये.

अक्षर वाचताना शंका आली. सतराव्या शतकातल्या गावच्या वहीत हात बदलत जातो, शाई बदलते, साथीच्या महिन्यात तर घाई दिसायला हवी. इथे सरळ, एकसारखं, निवांत अक्षर. कारण ही मूळ वहीच नाही. आज जी आहे ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, रेक्टर जोसेफ हंटच्या काळात केलेली नक्कल आहे. म्हणजे साथीनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी कुणीतरी जुन्या पानांवरून स्वच्छ उतरवून काढलेली.

काकांना विचारलं, नक्कल म्हटल्यावर 'कागद' खूण द्यायची की नाही? ते म्हणाले, नक्कल ही नक्कल म्हणूनच लिहा, पण फेकू नका. उतरवणाऱ्याला खोटी नावं घालण्यात काही फायदा नव्हता. चूक झाली असेल ती गाळण्याची किंवा आकडा चुकण्याची. म्हणून रजिस्टरला खूण 'कागद (नक्कल)'.

हा हंट स्वतःच एक प्रकरण आहे. १६८४ च्या सुमाराला गावातल्या मायनर्स आर्म्स या गुत्त्यात पिऊन गंमत म्हणून गुत्तेवाल्याच्या मुलीशी लग्नाचा विधी उरकला. बिशपपर्यंत बातमी गेली. त्याने सांगितलं, केलंस ना, मग आता निभाव. त्यात आधी वचन दिलेल्या दुसऱ्या बाईने दावा लावला, पैशापायी अटक टाळायला गडी चर्चच्याच कोठीत राहायला गेला. गावातल्या अडीचशेहून जास्त माणसांच्या मरणाची वही आपल्यापर्यंत आली ती अशा माणसाच्या कारकिर्दीत. गुत्त्याची गोष्ट पत्रिकेत 'ऐकीव' खुणेने घेतली. ताईने एवढ्यावर माझ्याशी पुन्हा बोलायला सुरुवात केली.

२० एप्रिल

चर्च. आधी चर्चवॉर्डनना (चर्चची व्यवस्था बघणाऱ्यांना) ईमेल करून सांगितलं होतं, त्यामुळे फोटो काढायला अडचण आली नाही. दानपेटीत वीस पाउंड टाकले. शुल्क नाही, पण एवढ्या जुन्या छपराची डागडुजी अशाच पैशांवर चालते.

आत-बाहेर बघून लक्षात आलं की प्लेग हा या जागेच्या इतिहासातला एक छोटा तुकडा आहे. आवारातला दगडी क्रूस आठव्या-नवव्या शतकातला, मध्य इंग्लंडातल्या जुन्या मर्सिया राज्याच्या काळचा. म्हणजे आपल्याकडे राष्ट्रकूट होते तेव्हाचा. खांबाचा एक तुकडा गहाळ आहे, त्यामुळे माथा खांबावर थोडा बुटका बसलेला दिसतो. आत नॉर्मन काळातलं बाप्तिस्म्याचं कुंड. कमानींवर रंगवलेल्या इस्राएलच्या बारा वंशांच्या खुणा, चुन्याखाली झाकल्या गेलेल्या, त्या विसाव्या शतकात पुन्हा उघड झाल्या. दक्षिण भिंतीवर १७७५ चं सूर्यघड्याळ. ते नुसती वेळ सांगत नाही, दूरदेशच्या शहरांत मध्यान्ह केव्हा होतं तेही कोरलंय. एवढा थाट कुठून? शिशातून. गावाभोवती शिशाच्या खाणी, आणि रेक्टरला खनिजाचा दशांश मिळायचा. अठराव्या शतकात नवी शीर सापडल्यावर ईमची रेक्टरी श्रीमंत झाली. तेव्हाचा रेक्टर थॉमस स्यूअर्ड बराच काळ दूर लिचफील्डला राहायचा. त्याची मुलगी ॲना, पुढे नाव काढलेली कवयित्री, जन्मली मात्र इथे, १७४२ मध्ये. आज दिसणारं चर्च बरंचसं एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीनंतरचं आहे, हेही लिहायला हवं. नाहीतर लोक प्रत्येक बाकाकडे बघून 'इथेच मॉम्पेसन' म्हणत बसतील.

क्रूसावरची नक्षी आणि थडग्यांवरची अक्षरं टिपताना दुपारभर काही साधलं नाही. ढगाळ उजेडात दगड सपाट दिसतो. खडू घासून, पीठ चोळून, तारेच्या ब्रशने घासून अक्षरं उठवायचे सल्ले नेटवर मिळतील. यातलं काहीही करू नका. दगड झिजतो, आणि त्यावरचं दगडफूलही (होय, आपल्या गोड्या मसाल्यातलं, त्याच जातकुळीचं) शंभर शंभर वर्षं वाढलेलं असतं. आरशाने काम झालं. दाराला लावायचा स्वस्तातला उभा आरसा, बारा पाउंड. एकाने लांब उभं राहून त्यातून उन्हाची तिरीप दगडाच्या पृष्ठाला अगदी समांतर सोडायची, दुसऱ्याने समोरून फोटो. ऊन पाच मिनिटं आलं तेवढ्यात कॅथरीन मॉम्पेसनच्या थडग्यावरची तारीख लख्ख वाचता आली: २५ ऑगस्ट १६६६. शेजारी पंख असलेली वाळूची घटिका कोरलेली आहे, ती आधी आम्ही फूल समजून सोडून दिली होती. ढगाळ दिवशी मोठी टॉर्च बाजूने धरूनही चालतं, मात्र सावली करायला कोट धरणारा माणूस लागतो.

रेक्टरची बायको गावात थांबली आणि गेली. दोन मुलांना आधीच बाहेर पाठवलं होतं. हे वाक्य पत्रिकेत कुठे घालायचं यावर बराच वाद झाला. ते १ जूनच्या नोंदीत येईल.

४ मे

वाट मोजण्याचा दिवस. नकाशावर सगळं अर्ध्या-एक मैलात दिसतं. पायाखाली वेगळं. आमच्यात गुडघेदुखीच्या मावशी आहेत आणि बाबागाडीतली पोरं, म्हणून दोन्ही बरोबर घेऊन गेलो.

चर्चच्या पश्चिमेला, रस्त्यालगतची प्लेग कॉटेजेस: सगळ्यांना जमतं. घराघरावर हिरव्या पाट्या, कोणत्या घरातले कोण गेले याच्या. रोज कॉटेजवर थॉर्प कुटुंबातली नऊ नावं. ही घरं आजही राहती आहेत. पत्रिकेत ठळक लिहायचं: खिडक्यांतून डोकावू नका, पायरीवर बसून डबा उघडू नका.

सीमेचा दगड, शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या बाजूला: पायवाट शेतातून, मेंढ्यांच्या फाटकातून जाते. बाबागाडी उचलून न्यावी लागली. दगडाला सहा खळगे. त्यात व्हिनेगर घालून पैसे ठेवायचे आणि पलीकडच्या गावाने धान्य ठेवून जायचं. माझ्या मुलीने खळग्यात बोट घालून बघितलं, बोट जेमतेम दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. आत पावसाचं पाणी आणि एक-दोन पेनी. लोक अजून टाकतात.

मॉम्पेसनची विहीर: चढ आहे, मावशींना जमणार नाही, गाडीने जाता येतं. विहीर म्हणजे आपल्या डोळ्यापुढे येते तशी नाही, दगडांत बंदिस्त केलेला झरा. सामान इथेही ठेवत. चॅट्सवर्थच्या अर्ल ऑफ डेव्हनशरने अन्नधान्य पाठवलं होतं.

राइलीची थडगी: गावाच्या पूर्वेला, उताराच्या शेतात. हॅनकॉक कुटुंबाची. एलिझाबेथ हॅनकॉकने ३ ते १० ऑगस्ट १६६६ या आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतः ओढत नेऊन पुरली. तारखा आणि नावं 'कागद', तिने एकटीने ओढून नेल्याचं वर्णन 'ऐकीव'. दगड पुढे गोळा करून गोल कुंपणभिंतीत लावलेत, त्यामुळे दगडाखालीच माणूस आहे असं समजू नये. मावशी इथवर आल्या. भिंतीला टेकून बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "हिचं पुढे काय झालं?" गावात सांगतात की ती शेफिल्डला गेली, तिथे एक मुलगा उमेदवारी करत होता. आम्ही सगळे शेफिल्डहूनच आलो होतो.

कक्लेट डेल्फ, जिथे उघड्यावर उपासना व्हायची, ती खासगी जमीन आहे. परवानगीशिवाय सहलीच्या वाटेत घेऊ नका.

सबंध फेरीला माहितीपत्रकं म्हणतात त्याच्या दुप्पट वेळ धरा.

१८ मे

कापडाच्या पेटीवर अडलो. सगळीकडे लिहिलेलं असतं: ओलसर कापड शेकोटीसमोर वाळत घातलं, त्यातल्या पिसवा जाग्या झाल्या, व्हिकर्सला चावल्या. ताईने हेच वाक्य 'कागद' खुणेखाली बसवलं होतं.

कुणाचा कागद? १६६५ मध्ये पिसवांचा प्लेगशी संबंध कुणाला माहीत नव्हता. गावच्याच विल्यम वुडने १८४२ मध्ये ईमचा इतिहास छापला, तेव्हाही नव्हता. मग पिसवा गोष्टीत आल्या केव्हा? तर आपल्याकडून! १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्या साथीवर काम करायला आलेल्या पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, आजारी उंदराच्या पिसवांमुळे दुसऱ्या उंदराला प्लेग होतो हे दाखवलं. बरीच वर्षं कुणी मानलं नाही. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) प्लेग कमिशनच्या लोकांनी १९०५ नंतर पुन्हा प्रयोग केले तेव्हा कुठे ते पक्कं झालं. म्हणजे ईमच्या शिंप्याच्या घरातल्या पिसवा या परळ-कराचीहून तिथे पोचल्या, अडीचशे वर्षांनी.

या शोधाने पत्रिकेतला सगळ्यात चांगला परिच्छेद मिळाला आणि एक संध्याकाळ कारणी लागली. कापड आलं, व्हिकर्स मेला, एवढ्यावर 'ऐकीव' आणि 'कागद' अशा दोन खुणा. पिसवांना वेगळी चौकट.

१ जून

अपेक्षित प्रश्न आलाच. मजकूर मंडळाच्या गटात वाचायला टाकला आणि पहिली प्रतिक्रिया पुण्याची: "ईमच्या लोकांनी स्वतःहून गाव बंद केलं आणि आपल्याकडे रँडने गोरे सोजीर घरात घुसवले, हा फरक ठळक लिहा."

लिहायला हात शिवशिवतात हे कबूल. १८९७ मध्ये पुण्यात रँडने जे केलं, घरझडत्या, माणसं उचलून छावण्यांत नेणं, ते आपल्या घराघरांत सांगितलं जातं, आणि २२ जूनची गणेशखिंडीतली रात्रही. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ ला गेल्या. पण ईमचं 'स्वतःहून' किती खरं? तपासून बघितलं. ज्यांची ऐपत होती ते आधीच निघून गेले. रेक्टरने मुलं बाहेर पाठवली, बायकोलाही जायला सांगितलं होतं, ती राहिली. बाकीचे खाणकामगार आणि शेतकरी. त्यांनी जायचं कुठे? प्लेगच्या गावचा माणूस शेजारच्या गावाने उभा केला नसता. त्यात धान्य येत होतं ते शीव न ओलांडण्याच्या बोलीवर. निर्धार होता, शंकाच नाही. नुसता निर्धार होता असं मात्र म्हणवत नाही. शूर खेडूत आणि थोर पाद्री हे चित्र उजळत गेलं ते नंतरच्या दोन शतकांत. १८६६ ला द्विशताब्दीचा सोहळा झाला, तोवर ते पक्कं झालं होतं.

म्हणून तुलनेचं वाक्य घेतलं नाही. रेक्टरच्या मुलांचं वाक्य मात्र घेतलं, तीन नियमांच्या लगेच खाली. ताईला ते थंडगार वाटतं. काकांनी निकाल दिला: "नोंद आहे ती नोंदीच्या जागी." आणखी एक वाक्य त्यांच्याच सांगण्यावरून आलं. साथीनंतर मॉम्पेसनची बदली नॉटिंगहॅमशरमधल्या ईक्रिंगला झाली तेव्हा तिथल्या लोकांनी भीतीपोटी त्याला गावात येऊ दिलं नाही, काही काळ तो बाहेर झोपडीत राहिला.

१५ जून

छपाई बिघडली. मजकूर आमच्याकडे नीट दिसत होता. छापखान्याने फाइल आपल्या संगणकावर उघडून कागदाचा आकार थोडा बदलला आणि त्यात देवनागरी फुटली. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे, जोडाक्षरं पाय मोडलेली, 'प्लेग' चं 'प् लेग', आणि 'मॉम्पेसन' वाचताच येत नाही. छापणाऱ्याला भाषा येत नाही, त्याला ते सुबकच दिसलं असणार. दीडशे प्रती. एकशेदहा पाउंड पाण्यात. परत भांडून अर्धे कमी करून घेतले, कारण नमुना प्रत आम्हीही मागितली नव्हती.

पुढच्यांसाठी: इनडिझाइनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) मराठी मजकुराला वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावाच लागतो, साध्या कंपोझरमध्ये जोडाक्षरं जुळत नाहीत. छापखान्याला मूळ फाइल कधीही देऊ नका. फाँट आत बसवलेली पीडीएफ द्या, आणि तरी भीती वाटली तर अक्षरांच्या बाह्यरेषा करून द्या. मग त्यांच्याकडे फाँट असो नसो, फरक पडत नाही. मात्र त्यानंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मुद्रितशोधन आधी. कागदावरची एक प्रत मराठी वाचणाऱ्याने डोळ्याखालून घातल्याशिवाय होकार देऊ नका.

२९ जून

दुसरी छपाई ठीक. एकूण खर्च: दोन्ही छपाया मिळून एकशेसाठ पाउंड, फोटोशुल्क, आरसा, पेट्रोल आणि दानपेटी धरून अडीचशेच्या आत. मंडळाने दीडशे दिले, उरलेले आम्ही तिघांनी.

१३ जुलै

सहल झाली. ऑगस्टचा शेवटचा रविवार मुद्दाम टाळला होता. तो ईमचा प्लेग संडे, गावात गाडी लावायला जागा नसते आणि तो त्यांचा स्मरणाचा दिवस आहे, आपल्या डब्यांच्या गलक्याचा नाही.

खुणांचं काय झालं, तर पोरांनी त्यांचा खेळ केला. प्रत्येक थांब्यावर पत्रिका झाकून 'कागद की ऐकीव' ओरडायचे. सगळ्यात जास्त भांडण एमट सिडलवरून. एमट ईमची, तिचा ठरलेला रोलंड टोर पलीकडच्या स्टोनी मिडलटनचा. दरीच्या दोन बाजूंना उभं राहून रोज एकमेकांना बघायचे, एक दिवस ती आलीच नाही. एमट एप्रिल १६६६ च्या शेवटी गेली, हे रजिस्टरात आहे. रोलंड रजिस्टरात नाही, तो गोष्टीत आहे. चर्चमधल्या १९८५ च्या रंगीत काचेच्या खिडकीतही दोघांची गोष्ट आहे. मोठ्या मुलींचा आग्रह, खिडकी हा पुरावा धरा. काकांनी १९८५ चा पुरावा १६६६ ला चालत नाही म्हणून सांगितलं, कुणाला पटलं नाही.

दुसऱ्या आवृत्तीसाठी राहिलेलं: विहिरीला गाडीने जायचा रस्ता नकाशात दाखवणे. स्वच्छतागृह आणि बसथांबा दाखवणे (हे पहिल्यापासून हवं होतं, सगळ्यांनी तेच विचारलं). संग्रहालय १९९४ पासूनचं आहे, जुन्या मेथडिस्ट प्रार्थनागृहात, त्याचे बंद असण्याचे वार आधी फोन करून विचारणे. २७३ आणि २५९ यांतला फरक नावांनिशी जुळवायला काकांनी तक्ता घेतलाय. ते सप्टेंबरात परत जातात, तोवर जेवढं होईल तेवढं.